गेटवर चिकटवलेला कागद : बिल्डरच्या कर्जाची खबर कुणाला?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात अर्धवट राहिलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग जरा घरचा आहे. म्हणजे अक्षरशः घराचा.

माहुल म्हटलं की आज लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक, खाडीतले फ्लेमिंगो. आणि दोन, रिफायनऱ्यांच्या शेजारच्या प्रकल्पग्रस्तांच्या इमारती, तिथली हवा आणि त्यावरून हायकोर्टात झालेली लढाई. ती लढाई फार मोठी आहे, तिला एक भाग पुरायचा नाही. आज मी त्याच्या अलीकडच्या रस्त्यावर थांबणार आहे. माझे बाबा माहुलच्या एका रिफायनरीत फिटर होते. या दोन रिफायनऱ्या १९५४-५५ च्या सुमारास उभ्या राहिल्या. त्याआधी इथे कोळ्यांचं गाव, मिठागरं आणि खाजण. बाबा सत्तरच्या दशकात सातारा जिल्ह्यातून आले. आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं. आजोबांची सहा एकर कोरडवाहू, आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा. हा बोजा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर १९९८ साली बाबांनी आणि त्यांच्या खात्यातल्या सात-आठ जणांनी माहुल रोडच्या बाजूला एका नव्या इमारतीत फ्लॅट बुक केले. बिल्डर म्हणजे भागीदारी पेढी, दोन भाऊ आणि त्यांचा मेहुणा. करारनामे रजिस्टर झाले. त्या काळी पुष्कळ जण रजिस्ट्रेशनचा खर्च टाळायचे. बाबांनी टाळला नाही, कारण आजोबांनी त्यांना एकच शिकवण दिली होती : कागद सरकारात पडला पाहिजे. २००१ मध्ये आम्ही राहायला गेलो. लिफ्ट नव्हती, भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं, पाणी टँकरचं. पण घर होतं.

जानेवारी २००६. मी कॉलेजातून परत येतो तर गेटवर गर्दी. लोखंडी पत्र्यावर डिंकाने एक कागद चिकटवलेला. वर इंग्रजी, खाली मराठी. कब्जा सूचना. कुठल्याशा बँकेने सदर जमीन आणि तिच्यावरचं बांधकाम यांचा सांकेतिक कब्जा घेतला आहे, सर्वसाधारण जनतेने या मिळकतीशी कोणताही व्यवहार करू नये. पहिल्या मजल्यावरच्या काकू रडत होत्या. एक जण तो कागद फाडायला निघाला, तर बाबांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "फाडू नको. आधी वाचू या. तारीख बघ."

तारीखच सगळं ठरवणार होती, हे तेव्हा बाबांनाही माहीत नव्हतं.

झालं असं होतं की बिल्डरने २००० साली बांधकामासाठी बँकेचं कर्ज काढलं. तारण म्हणून जमिनीची मूळ कागदपत्रं बँकेच्या हवाली केली. कर्ज थकलं. बँकेने साठ दिवसांची मागणी नोटीस पाठवली. कुणाला? बिल्डरला. कायदा तेवढंच सांगतो. २००२ चा सरफेसी कायदा, कलम १३ (२). नोटीस कर्जदाराला आणि जामीनदाराला. आत राहणाऱ्या बावीस कुटुंबांना नाही. आम्हाला कळलं ते कब्जा घेतल्यावर, गेटवरच्या कागदावरून. कारण त्या कायद्याखालचे नियम म्हणतात की कब्जा सूचना मिळकतीवर ठळक जागी लावायची आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. म्हणजे आमच्यासारख्यांसाठी कायद्याने ठेवलेली पहिली खबर ही शेवटच्या टप्प्याची खबर होती.

आता तुम्ही म्हणाल, आधी शोध का नाही घेतला? घेतला होता! बाबा आणि एका वकिलाचा कारकून सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन बसले होते. सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात, तिची वर्षावर्षांची पानं चाळली. काही निघालं नाही. आणि २००० नंतर ज्यांनी फ्लॅट घेतले त्यांनीही शोध घेतला, त्यांनाही काही मिळालं नाही. कर्ज होतं, तारण होतं, पण सरकारी दप्तरात त्याची एक ओळ नव्हती. आणि हे बेकायदा नव्हतं.

हे कसं, ते समजायला जरा मागे जावं लागेल. आधी लंडनला, मग सुप्याला.

लंडनला १७८३ साली चान्सरी कोर्टाने रसेल विरुद्ध रसेल या दाव्यात मान्य केलं की नुसती मालकीची कागदपत्रं सावकाराच्या हातात दिली, गहाणाचा करार लिहिला नाही, तरी गहाण होतं. तिकडच्या बऱ्याच न्यायाधीशांनाही हे रुचलं नव्हतं, पण व्यापाऱ्यांना फार सोयीचं होतं. ही सोय इंग्रजांबरोबर मुंबईच्या फोर्टात आली. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा झाला, मुंबई इलाख्यात तो १८९३ च्या १ जानेवारीपासून लागू झाला, आणि त्यात मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा बंदरांच्या शहरांसाठी एक खास खिडकी ठेवली. इतरत्र शंभर रुपयांच्या वरचं गहाण साधारणपणे लिहून, साक्षीदार घेऊन, रजिस्टर करायचं. या शहरांत मात्र कागद नुसते हातात दिले तरी चालेल. आजचं कलम ५८ (फ) ते हेच.

आता माहुलकरांसाठी गंमत ऐका. माहुल तेव्हा मुंबई शहरात नव्हतंच. साष्टी तालुका, ठाणे जिल्हा. मुंबई उपनगर जिल्हा झाला १९२० मध्ये. पण कोर्टांनी लावलेला अर्थ असा, की जमीन कुठे आहे हे बघायचं नाही, कागद कुठे दिले हे बघायचं. म्हणजे माहुलच्या मिठागराचा मालक कागद बोचक्यात बांधून फोर्टात गेला आणि पेढीवर ठेवून आला, की माहुलची जमीन गहाण. माहुलमध्ये कुणाला वास नाही. फक्त त्या पेढीच्या तिजोरीत एक गठ्ठा वाढलेला.

बँकांनी पुढे यावर एक नाट्यच रचलं. मला हे आमच्या वकिलांनी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. कर्जदार आज येतो, कागद ठेवतो, काही लिहून देत नाही. उद्या तो पत्र पाठवतो : 'काल मी आपल्या कचेरीत येऊन अमुक कागद तारण ठेवण्याच्या उद्देशाने दिले.' सगळं भूतकाळात. कारण त्या पत्रानेच गहाण होत असेल तर ते रजिस्टर करावं लागेल, आणि आधीच झालेल्या गहाणाची नुसती आठवण असेल तर नाही. सुप्रीम कोर्टाने १९५० पासूनच्या निकालांत हा फरक मानला. एका क्रियापदाच्या काळावर लाखो रुपयांचं तारण गुप्त राहायचं. मराठीच्या बाईंनी काळ शिकवताना हे उदाहरण दिलं असतं तर मी जास्त लक्ष दिलं असतं!

आणि याच्यावर कडी म्हणजे नोंदणी कायद्याचं कलम ४८. १९२९ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्टच लिहिलं की असं कागद ठेवून केलेलं गहाण, नंतर रजिस्टर झालेल्या गहाणखतावरही वरचढ ठरेल. म्हणजे जो उघडपणे सरकारात गेला तो मागे, आणि ज्याने तिजोरीत ठेवलं तो पुढे.

आता सुपे. पुणे जिल्हा, भीमथडी तालुका, बाजाराचं गाव. १२ मे १८७५. आपल्या जुन्या श्रोत्यांना ही तारीख पाठ असेल. कुणब्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि रोखे, खतं, चोपड्या बाहेर काढून जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. पाहा, लोक धान्याच्या मागे नव्हते, कागदाच्या मागे होते. कारण कर्ज घेणाऱ्याला त्या कागदात काय लिहिलंय तेच ठाऊक नव्हतं. अंगठा त्याचा, अक्षर सावकाराच्या माणसाचं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात व्याजाचा मागचा हिशेब तपासणं वगैरे होतं, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला आज त्यातला एक बारीक भाग दाखवायचाय. गावागावात 'ग्राम निबंधक' नेमायचा, आणि शेतकऱ्याने करून दिलेला दस्त या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला गेला, त्याने त्यावर साक्ष घातली, तरच तो खरा. सावकाराने पावती द्यायची, हिशेब द्यायचा. थोडक्यात, उसना पैसा देणाऱ्याने अंधारात राहायचं नाही.

आता या दोन तारखा शेजारी ठेवा. १८७९ : सातारच्या कुणब्याचं पन्नास रुपयांचं कर्ज निबंधकासमोर लिहा. १८८२ : मुंबईच्या व्यापाऱ्याचं पन्नास हजारांचं कर्ज, एक अक्षर लिहू नका. तीन वर्षांचं अंतर, एकच हिंदुस्थान सरकार. मी त्या सरकारवर दुटप्पीपणाचा आरोप करणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळी माणसं होती. शेतकरी म्हणजे फसवला जाणारा आणि व्यापारी म्हणजे स्वतःचं बघून घेणारा. पण त्यात तिसरा माणूस कुणीच बघितला नाही. गहाण पडलेल्या जमिनीवर उद्या घर घेणारा माणूस.

आमच्या आजोबांकडे परत येऊ. त्यांनी सोसायटीचं पीककर्ज घेतलं की इकराराची नोंद तलाठ्याकडे जायची. फेरफाराच्या वहीत ती चढली की, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे, तिची प्रत चावडीवर लावायची आणि संबंधितांना लेखी कळवायचं. मग ती सातबाऱ्यावर. आजोबांना याची लाज वाटायची. चावडीवर कागद लागला की पारावरचे लोक विचारायचे, "काय नाना, औंदा किती उचललं?" सगळ्या गावाला त्यांचं कर्ज रुपयापर्यंत पाठ. जमिनीचा एक गुंठा जरी कुणाला घ्यायचा झाला तरी तो आधी सातबारा बघणार आणि बोजा दिसणार. त्याच आजोबांच्या मुलाने मुंबईत आयुष्याची पुंजी घातली, तर त्या जमिनीवरच्या कित्येक पट मोठ्या कर्जाची खबर द्यायला कुठली चावडी नव्हती.

बरं, महाराष्ट्राने याचा विचार केला नव्हता का? केला होता, आणि देशात फार लवकर केला. मुंबईत ओनरशिप फ्लॅटचं पेव फुटलं तशा तक्रारी वाढल्या. २० मे १९६० च्या ठरावाने, म्हणजे राज्य स्थापन होऊन तीन आठवडे होत नाहीत तोच, सरकारने समिती नेमली. जून १९६१ मध्ये अहवाल आला. १९६३ मध्ये कायदा झाला, ज्याला आपण सगळे मोफा म्हणतो. त्याच्या कलम ३ मध्ये बिल्डरने जमिनीवरचे सगळे बोजे, सगळ्यांचे हक्क-दावे पूर्ण आणि खरे उघड करायचे. आणि कलम ९ : एकदा फ्लॅट विकण्याचा करार केला की त्यानंतर फ्लॅट किंवा जमीन, घेणाऱ्यांच्या पूर्वसंमतीशिवाय गहाण टाकायची नाही. टाकलीच, तर त्या गहाणाने घेणाऱ्याच्या हक्काला धक्का लागणार नाही.

हे कलम ९ मी पहिल्यांदा वाचलं ते आमच्या जिन्यात, चाळीसच्या बल्बखाली, वकिलांनी दिलेल्या झेरॉक्सवर. वाचून झाल्यावर बाबांनी फुलस्केप कागद घेतला आणि बावीस घरांची नावं लिहिली. पुढे करारनाम्याची तारीख. मग बँकेच्या गहाणाच्या तारखेला पट्टीने एक रेघ मारली. अठरा घरं रेघेच्या वर, चार खाली.

वरच्या अठरांना कलम ९ लागू. खालच्या चौघांचे करार गहाणानंतरचे, म्हणजे बँकेचा हक्क त्यांच्या आधीचा. त्यांच्या करारात बिल्डरने जमीन बोजाविरहित असल्याचं लिहून दिलं होतं, ते खोटं होतं, पण त्याचा दावा बिल्डरवर. आणि बिल्डरचे दोन्ही भाऊ तोवर फोन उचलत नव्हते.

एकाच जिन्यातली माणसं. गणपतीला एकत्र आरती म्हणणारी. पाचव्या मजल्यावरचे काका बाबांच्या शेजारच्या मशीनवर वीस वर्षं काम करत होते. बाबांनीच त्यांना ही इमारत दाखवलेली. त्यांनी करार २००१ च्या मार्चमध्ये केला, कारण मुलीच्या लग्नामुळे पैसे उशिरा जमले. ती यादी वाचून झाल्यावर ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

कायद्यात ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. कलम १७. आणि तिथे 'कोणतीही बाधित व्यक्ती' जाऊ शकते, फक्त कर्जदार नाही. आम्ही गेलो. वकिलांनी दुसराही मुद्दा घेतला, आणि मला तो आजही फार आवडतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ मध्ये 'नोटीस' या शब्दाची व्याख्या आहे. १९२९ मध्ये तिला स्पष्टीकरणं जोडली. एक म्हणजे रजिस्टर झालेला दस्त ही सगळ्यांना नोटीस समजायची. बँकेने कर्ज देताना सूची बघितली असती तर आमचे १९९८ चे करारनामे दिसले असते. बघितली नसेल तर तो तिचा प्रश्न. दुसरं स्पष्टीकरण आणखी सुंदर आहे. मिळकतीत प्रत्यक्ष ताब्यात असलेला माणूस, हीच त्याच्या हक्काची नोटीस. कागद नाही, शिक्का नाही. खिडकीत वाळत घातलेले कपडे, दारातली चप्पल, ही नोटीस. पण यातली खोच लक्षात घ्या. २००० साली आमच्या खिडक्याच नव्हत्या, फक्त पिलर होते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत राहणारा कुणी नसतो, आणि बांधकामाचं कर्ज नेमकं तेव्हाच दिलं जातं.

असो. आमचं प्रकरण तीन वर्षं चाललं. बँकेने शेवटी बिल्डरशी एकरकमी तडजोड केली आणि २००९ मध्ये गहाण सुटलं. निकाल असा लागलाच नाही. पण त्या तीन वर्षांत खालच्या चौघांपैकी दोघांनी मिळेल त्या किमतीला घर विकलं. पाचव्या मजल्यावरचे काका त्यातले एक. ते बदलापूरला गेले.

त्यानंतरचा इतिहास जरा वेगाने सांगतो, कारण तो तारखांचा आहे.

बिल्डर जर कंपनी असेल तर तिच्या मालमत्तेवरच्या तारणाची नोंद कंपनी निबंधकाकडे करण्याची तरतूद फार जुनी आहे. पण आमच्यासारख्या इमारती बांधणाऱ्या भागीदारी पेढ्यांना ती लागूच नव्हती. २०११ मध्ये केंद्र सरकारने तारणांची केंद्रीय नोंदणी सुरू केली, तिला सरसाई म्हणतात. बँकेने तारण घेतलं की तिथे नोंद करायची, आणि कुणालाही शुल्क भरून शोध घेता येतो. आणि महाराष्ट्राने स्वतः एक पाऊल टाकलं. नोंदणी कायद्यात राज्याची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०१३ पासून लागू झाली. कलम ८९ ब. कागद ठेवून गहाण केलं की तीस दिवसांच्या आत सब-रजिस्ट्रारकडे 'नोटीस ऑफ इंटिमेशन' दाखल करायची. कर्ज कुणी घेतलं, कुणी दिलं, किती, व्याज किती, कोणते कागद ठेवले, मिळकत कोणती. म्हणजे लंडनहून आलेल्या त्या गुप्त गहाणाला अखेर चावडीवर यावं लागलं. १८९३ पासून मोजा, १२० वर्षं.

यात मला एक गोष्ट खटकते. ही नोटीस देण्याची जबाबदारी कायद्याने गहाण ठेवणाऱ्यावर टाकली. कर्ज लपवण्यात ज्याचा फायदा, त्यालाच म्हटलं की तू कळव. प्रत्यक्षात बँका स्वतःच ते करून घेतात, कारण पैसा त्यांचा अडकलेला असतो. खरी ताकद आली ती केंद्राच्या कायद्यातून. सरफेसीत नवीन प्रकरण घातलं आणि ते २४ जानेवारी २०२० पासून लागू केलं. सरसाईतली नोंद ही जाहीर सूचना मानायची. आणि ज्या बँकेने नोंद केली नाही, तिला सरफेसीखाली कब्जा वगैरे कारवाई करताच येणार नाही. आता कळवणं हे पैसे देणाऱ्याच्याच हिताचं झालं. सुप्याच्या कुणब्याला हे पटलं असतं.

रेरा मधल्या काळात आला. १ मे २०१७ पासून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा बोजा दाखवावा लागतो. त्यातलं कलम ११ (४) (ह) हे मोफाच्या कलम ९ चं भावंड आहे. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मोफा म्हणतो 'फ्लॅट किंवा जमीन'. रेरा म्हणतो 'असा फ्लॅट'. जमिनीचा शब्द गळला. मुद्दाम की अनवधानाने, यावर वकिलांनी भांडावं. मोफा रद्द झालेला नाही, एवढं आपण लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. शिवाय आता मोठे प्रकल्प आधी कर्ज घेतात आणि मग विक्री सुरू करतात. म्हणजे नव्या ग्राहकांत बहुतेक सगळे बाबांच्या रेघेच्या खालीच असतात. त्यांना कलम ९ चा उपयोग नाही. त्यांचा आधार म्हणजे बँकेचं त्या विशिष्ट फ्लॅटसाठीचं ना हरकत पत्र. ते मागायचं, आणि त्यावर फ्लॅटचा नंबर आहे का ते बघायचं.

राजस्थानात एक प्रकरण घडलं. बँकेने प्रकल्प ताब्यात घेतला, ग्राहक रेराकडे गेले. बँक म्हणाली, आम्ही बिल्डर नाही, रेराला आमच्यावर अधिकार नाही. राजस्थान हायकोर्टाने ते मानलं नाही. रेरा आणि सरफेसी यांच्यात टक्कर झाली तर रेरा वरचढ. सुप्रीम कोर्टाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी बँकेची याचिका फेटाळली. आमच्या वेळी हे असतं तर... जाऊ द्या.

आणि पैसे देणाऱ्यानेच लपवलं तर? त्यासाठी माहुलहून लांब जायला नको. भांडुपला मुख्यालय असलेली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि ठेवीदारांना पहिल्यांदा खात्यातून काढता येणार होते एक हजार रुपये. सहा महिन्यांत मिळून. एकाच बांधकाम समूहाला दिलेली थकलेली कर्जं हजारो बनावट खात्यांआड लपवल्याचा आरोप तपास यंत्रणांनी ठेवला. तिथे फसवलेला माणूस फ्लॅट घेणारा नव्हता, ठेव ठेवणारा होता. म्हणजे ज्याच्या पैशातून बांधकामाला कर्ज जातं तो. त्याला कुठल्या चावडीवर कळवायचं, याची तरतूद मला अजून सापडलेली नाही.

जाता जाता लंडनचं राहिलं. १९८९ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला की जमिनीचा करार लेखी आणि दोघांच्या सह्यांचा हवा. १९९६ मध्ये त्यांच्या अपील कोर्टाने सांगितलं की नुसते कागद ठेवून गहाण आता होत नाही. रसेलचा रिवाज जन्मगावी मेला. आपल्याकडे तो जिवंत आहे, फक्त आता तीस दिवसांत त्याला हजेरी लावावी लागते.

बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. त्याच घरात राहतात. रोज सकाळी 'नवशक्ति' घेतात आणि मुंबईतले वकील करतात तसं मागून वाचायला सुरुवात करतात. जाहीर सूचना आधी. अमुक मिळकत आमचे अशील घेत आहेत किंवा तारण घेत आहेत, कुणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत कागदपत्रांसह कळवा, न कळवल्यास हक्क सोडला असं समजू. कायद्याने प्रत्येक वेळी ती छापायलाच हवी असं नाही, पण मुंबईतल्या वकिलांचा तो जुना शिरस्ता आहे. बाबा लाल पेनाने चेंबूर, माहुल, आणिक, तुर्भे या गावांचे सिटीएस नंबर अधोरेखित करतात. गेल्या महिन्यात त्यांनी एक कात्रण फोटो काढून बदलापूरला पाठवलं. काकांच्या मुलीने तिकडे नवीन टॉवरमध्ये बुकिंग केलंय, आणि सूचनेत तिच्या बिल्डरचं नाव होतं. काकांचा उलट फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. बाबा फोनवर मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून, सर्व्हे नंबर वाचून दाखवत होते, आणि मध्येच म्हणाले, "अहो थांबा, आधी मला सांगा, तिचा करार कोणत्या तारखेचा?"